प्रश्नावलीत नसलेला प्रश्न

संधिवाताच्या रुग्णांसाठीची परदेशी प्रश्नावली डॉक्टर निलग्युनने तुर्की भाषेत उतरवली होती. रुग्णांना ती कळते का ते बघायचं, पण पदरचा एकही प्रश्न घालायचा नाही, अशी तिच्या सरांची ताकीद होती.

"नळ फिरवता येतो?"

"येतो की," साकिनेमावशी म्हणाल्या. बोटं पार वाकडी झाली होती.

"बरणीचं झाकण उघडतं?"

"न उघडायला काय झालं?"

शेवटच्या प्रश्नापर्यंत मावशींना कसलाच त्रास नव्हता. निलग्युनने वैतागून कागद आवरले आणि निघताना, वडीलधाऱ्यांचा घेतात तसा, त्यांच्या हाताचा मुका घेऊन तो कपाळाला लावायला ती वाकली. मावशींनी हात झटकन स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला.

"बायरामच्या सणाला नातवंडांनासुद्धा देत नाही मी हात. दाबला की जीव जातो. म्हातारी रुसलीय म्हणतात. म्हणू देत."

निलग्युन परत खाली बसली आणि प्रश्नावलीच्या तळाशी पेनाने लिहू लागली.

"काय गं लिहितेस?"

"नवा प्रश्न. सणाला पोराबाळांपुढे हात करता येतो का?"

"तुझे सर ओरडतील."

"ओरडू देत."

मग मावशींचा हात बाहीतून बाहेर आला.

"घे. पण हळू."