पान लागलं तर

खुटवड गुरुजी दारात दिसले तशी ओसरीवरची माणसं सरकली आणि हनुमंतानं त्यांना घोंगडीवर जागा करून दिली. त्याच्या बायकोला, मंगलला, जाऊन तिसरा दिवस होता. तेवढ्यात चार-पाच खिशांतले मोबाईल एकदम वाजले. घाटात दरड आली, एसटी बंद, असं कुणीतरी खोऱ्याच्या ग्रुपवर टाकलं होतं. पासलीपासून वरच्या शेवटच्या वाडीपर्यंत घरटी एक मोबाईल त्या ग्रुपवर होता.

"तुमच्याच व्हिडिओचं नाव घेती पोरगी," हनुमंत म्हणाला. तो भोरला टेम्पोवर असतो. मंगलला पान लागलं तेव्हा घरात सातवीतली रत्ना आणि त्याची म्हातारी आई, दोघीच होत्या. "समदं त्याच्यावानी केलं म्हनं. डॉक्टर म्हनलं, उशीर झाला. आता रस्ताच ह्यो असला."

साप चावला असं या खोऱ्यात कुणी म्हणत नाही. नाव घेतलं की तो ऐकतो म्हणे, म्हणून पान लागलं म्हणायचं. गुरुजींनी व्हिडिओलाही तेच नाव दिलं होतं, 'पान लागलं तर?' बातमी कळल्यापासून त्यांना एकच गोष्ट खात होती, रत्नानं तो बघितला असेल का? बघितला होता. धडा पोचला होता, नशीब पोचलं नव्हतं. सुतकाच्या घरात सुटकेचा श्वास सोडणं काही बरं नव्हे, पण तो सुटला खरा.

गुरुजींची शिकवण्याची एक खोड होती. फळ्यावर ते आधी गंभीर चेहऱ्यानं चुकीचं गणित सोडवत. अर्धा अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. वर्ग "चूक!" म्हणून असा ओरडे की कौलांवरचे कावळे उडत. मग हसत हसत खोडून खरं उत्तर. डोळ्यांदेखत झालेली चूक पोरं जन्मात विसरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं.

पावसाळ्यात ओढे भरले की वाड्यांवरची पोरं आठ-आठ दिवस शाळेत येत नसत. म्हणून गुरुजी अडीच-तीन मिनिटांचे व्हिडिओ करू लागले. व्हिडिओतही ढब तीच. पण वाडीत रेंज नावापुरती. ग्रुपवरचा व्हिडिओ उतरता उतरेना. "गुरुजी, स्टेटसला ठिवा, पटकन उघडतंय," हे पोरांनीच सुचवलं. कुणी कुणी बघितलं त्यांची नावं खाली दिसत. ती वाचताना गुरुजींना हजेरी घेतल्याचं समाधान मिळे.

आतून हनुमंताची आई, म्हातारी सखूबाई आली.

"गुरुजी, तीन दिस पोरगी अन्नाला शिवली न्हाई. माजं काय चुकलं, माजं काय चुकलं, एवढंच बोलती. आमी सांगून पटत न्हाई तिला. तुमी तपासा आनि तुमीच सांगा."

रत्ना विझलेल्या चुलीशी मोबाईल धरून बसली होती. गुरुजींना बघून ती वर्गातल्यासारखी उठून उभी राहिली.

"बस बाळ. काय काय केलंस, सांग बरं."

तिनं पाठ केलेलं उत्तर द्यावं तसं सांगितलं. "म्या अजाबात घाबरले न्हाई. शेजारच्या गोरखदादाची जीप दारातच उभी व्हती. म्या म्हनलं, थांबा, आदी गुरुजींचं समदं करते. पयलं, पाय नाड्यानं आवळून बांदला. दुसरं, पात्यानं चीर पाडली. तिसरं, तोंडानं रगत ओढून थुकले. आई लई वरडत व्हती. पर म्या सोडलं न्हाई, गुरुजी. तासभर केलं."

गुरुजी पुढे वाकले.

"आणि पुढचं?"

"पुडं काय? तितंच संपतोय की."

तिनं मोबाईल पुढे केला. पडद्यावर गुरुजी स्वतःच होते. गंभीर चेहऱ्यानं त्यांनी आपल्या पोटरीला नाडा आवळला, पातं टेकवून दाखवलं, तोंडानं ओढल्याचा आविर्भाव केला, आणि मोजून एका मिनिटाला चित्र थांबलं. त्यापुढे ते हसून "चूक!" म्हणाले होते. बांधू नका, कापू नका, पाय हलू न देता तडक दवाखाना गाठा, असं पुढचं दीड मिनिट बजावून सांगत होते. स्टेटसला एकच मिनिट मावलं होतं, आणि आपला स्टेटस गुरुजींनी स्वतः कधी शेवटपर्यंत बघितला नव्हता.

"माजं काय चुकलं का, गुरुजी?"

दारात सखूबाई शेजारून आलेल्या भाताची ताटली घेऊन उभी होती. बावीस वर्षांत गुरुजींनी चुकलेल्या गणितावर कधी बरोबरची खूण केली नव्हती. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाही बाळ. बरोबर केलंस. सगळं बरोबर."

रत्नाचा चेहरा सैल पडला. तिनं आजीच्या हातून ताटली घेतली आणि दोन घास खाल्ले. म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. गुरुजींना वाटलं, एवढं एक खोटं देव पदरात घेईल.

रत्नानं हात फ्रॉकला पुसला आणि मोबाईल परत उचलला.

"म्या त्यो उतरवून ठिवलाय. दुसऱ्या कुनाच्या आईच्या कामी येईल म्हून. फकस्त तुमी बरोबर म्हनायची वाट बघत व्हते," ती म्हणाली आणि तिनं अंगठा दाबला.

बाहेर ओसरीवर एकापाठोपाठ एक मोबाईल वाजू लागले.