पेंढ्याची तानी

“आयचं तोंड दिसाया नको,” देवराम म्हणाला. “गाणं घ्या, हात घ्या, बाहुली घ्या. तोंड नको.”

रंजितानं लगेच मान डोलावली. शेणवे गावाच्या पुढे डोंगराच्या अंगाला असलेल्या या पाड्यावर तिच्या बऱ्याच खेपा झाल्या होत्या, आणि आज रिकाम्या हातानं परत जायची तिची तयारी नव्हती. कॉलेजात शेवटच्या वर्षाचा म्युझिक व्हिडिओ द्यायचा होता. बाकीच्या मुलांनी धबधबे आणि प्रेमगीतं धरली होती. रंजिताला हवं होतं ते गाणं देवळात गात नाहीत, लग्नात तर नाहीच. बाहेर मेलेल्या माणसाचं प्रेत घरी आलं नाही, तर त्याच्या जागी पेंढ्याची बाहुली जाळून त्याला रानातल्या हिरव्या देवाच्या हवाली करायचं ते गाणं.

पाड्यावर ते आता एकट्या म्हाताऱ्या भागीला येत होतं. आणि ती गाणार होती स्वतःच्या लेकीसाठी.

भागीची लेक तानी वीटभट्टीवर कामाला गेली आणि तिकडेच तापानं गेली, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. निरोप देवरामनंच आणला होता. थोरला भाऊ तो. तिकडे धावला, तिकडेच सगळं करून आला. भागीला लेकीचं शेवटचं दर्शनही झालं नाही. तेव्हापासून नवा भात घरात आला की ती हे गाणं म्हणायची.

“तिचं दुख लोकांनी मोबाइलवर बघत बसायचं, ते मला नाय पटत,” देवराम म्हणाला.

रंजितालाही ते पटलं. माणूस जाणता वाटला.

बाहुली त्यानंच केली. पेंढा ओला करून वळला, हातपाय बांधले, आणि बहिणीची जुनी निळी साडी त्यावर इतकी नीट नेसवली की कॅमेरा लावत असलेला किशोर काम सोडून बघत राहिला. किशोर रंजिताच्याच वर्गातला. दोघांनी मिळून हे काम घेतलं होतं.

भागी रानाकडे तोंड करून बसली. रंजिता तिच्या पदराला माइक लावत होती.

“कुठली गो तू?” भागीनं विचारलं.

“वाशिंदची, आजी.”

“आय हाय ना?”

“आहे की.”

“तिला सांगून आलीस?”

रंजिता हो म्हणाली. भागीनं बाहुली मांडीवर ओढून घेतली.

गाणं सुरू झालं तेव्हा सावल्या लांब पडल्या होत्या. देवराम बाजूला थाळी वाजवत होता. “हिरव्या देवा, वाट दाव रं, तानी माझी एकली रानात.” एवढीच ओळ, पण दर वेळी ती नव्या जागी वळायची. नदीपाशी, उंबरापाशी, वाघाच्या दगडापाशी. मध्येच थाळी थांबली. देवरामनं गुडघ्यांत डोकं घातलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. भागी थांबली नाही. पदर डोक्यावरून घसरला तरी तिला भान नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, आणि तेच बघवत नव्हतं. किशोरनं कॅमेरा हळूच त्या चेहऱ्यावर नेला.

मग बाहुली पेटवली. निळी साडी आधी जळली.

वाशिंदला एडिटिंगला बसल्यावर वाद झाला. दिलेला शब्द पाळायचा, असं रंजिता म्हणत होती.

“तो चेहरा काढलास तर उरतं काय?” किशोर म्हणाला. “थाळी आणि धूर.”

रंजितानं चेहरा काढून बघितला. परत लावला. पुन्हा काढला. शेवटी तो राहिला. पाड्यावर नेटवर्क नाही, देवरामला कशाला कळतंय, अशी तिनं मनाची समजूत घातली. व्हिडिओखाली आपलं नाव आणि नंबर टाकला.

व्हिडिओ भराभर पसरला. शहापूर, आटगाव, पार कल्याणपर्यंतची पोरं एकमेकांना पाठवत होती. सरांनी वर्गात उभं करून कौतुक केलं. रंजिताला मात्र अनोळखी नंबर आला की धडकी भरायची.

एका दुपारी तसाच एक आला. आवाज बाईचा होता. देवरामची बायको असणार, असं रंजिताला वाटलं.

“तो गाण्याचा व्हिडिओ तुमीच टाकला ना?”

“हो. काही चुकलं असेल तर मी काढून टाकते.”

“नको, काढू नका.” बाई म्हणाली. “ती बाई कुनासाठी गाते, ताई?”

“तिच्या मुलीसाठी. वीटभट्टीवर तापानं गेली ती.”

“मी तानी बोलते.”

कुणी थट्टा करतंय म्हणावं, तर आवाज थरथरत होता. बाईनं न विचारताच आपल्या पाड्याचं नाव सांगितलं, आईच्या कपाळावरचं गोंदण सांगितलं, जळलेल्या साडीला मागून ठिगळ होतं तेही सांगितलं.

“तुम्ही आहात कुठे?” रंजितानं कसंबसं विचारलं.

“मुरबाडला. भट्टीवरच्याच एका पोराशी लगीन केलं. दादाला नाय पटलं.”

मुरबाड. शेजारचा तालुका. रंजिताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या डोळ्यांपुढे ती कोरडी म्हातारी उभी राहिली.

“इतक्या जवळ आहात, आणि आईला एकदा भेटून येता आलं नाही तुम्हाला? ती तुमच्या नावानं पेंढा जाळते तिकडे.”

पलीकडे मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं.

“व्हिडिओ जुना आसंल ना, ताई?” तानीनं अगदी हळू विचारलं.

“जुना कसला? या दिवाळीनंतर आम्हीच जाऊन केला.”

“आसं कसं होईल? दादा सोता येऊन सांगून गेला ना मला. बोलला, आय मेली, तिची मातीबी झाली, आता घराकडं फिरकू नको.”