छप्पन्न सालचा दगड

हॉलच्या पायरीपाशी यादवरावांनी बूट काढले, मोजे आत कोंबले आणि दाराशेजारच्या भिंतीत बसवलेल्या दगडासमोर हात जोडून उभे राहिले. थंडीनं फरशी नुसती बर्फाच्या वरताण झाली होती.

"बाबा, तो देव नाहीये," सुजाता हळूच म्हणाली.

"देव मी मानत नाही, ठाऊक आहे न तुला. साल वाच."

तिनं वाचलं. स्मृती सभागृह, १९५६. खाली कुणा मेयरचं नाव, अर्धं शेवाळानं खाल्लेलं.

"त्याच वर्षी," यादवराव म्हणाले. नागपूरच्या दीक्षेला ते वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते, सहा वर्षांचे असताना.

सोमवारी हॉल पाडायचा होता. भूकंपात टिकणार नाही, असं इंजिनिअर सांगून गेले होते. म्हणून आज गावाला बोलावणं होतं: शेवटचा चहा घ्या, आणि हवं ते घरी न्या. कुणी खुर्च्या नेत होतं, कुणी कपबशा. एका म्हाताऱ्या जोडप्यानं, आपण पहिल्यांदा नाचलो तो लाकडी जमिनीचा तुकडा कापून घेतला होता. हा तो तुकडा नव्हेच, असं बाईचं म्हणणं पडलं.

"हा दगड आपण घ्यायचा," यादवराव म्हणाले.

"मंगळवारी तुमचं भारतात परतायचं विमान आहे, बाबा."

"विमानात कोण नेतंय? तुझ्या बागेत राहू दे. मशीनखाली नको जायला. विचार न तिला."

'ती' म्हणजे नोएलीन. या हॉलचा चहा कित्येक वर्षं तिच्याच हातचा. खांद्यावर टॉवेल टाकून ती दारात आलीच होती. सुजातानं विचारलं.

"दगड? अजून कुणी मागितला नाही," नोएलीन म्हणाली. "पण तुम्हाला कशाला? तुमचं इथं कोण होतं तेव्हा?"

आम्ही बौद्ध, एवढं सुजातानं या गावात सांगितलं होतं. 'लव्हली' म्हणून सगळे गप्प बसले होते, आणि तिलाही ते सोयीचं गेलं होतं. आता सुरुवात कुठून करायची? विहिरीपासून? शाळेतल्या माठापासून?

"त्या वर्षी आमच्या लोकांनी धर्म बदलला," ती म्हणाली. "नागपूरला. सगळ्यांनी एकदम. बाबा तिथं होते."

"सगळ्यांनी म्हणजे किती जणांनी?"

"लाखोंनी."

नोएलीननं दगडाकडे पाहिलं, मग यादवरावांच्या उघड्या पावलांकडे. मनातल्या मनात ती कसलासा अंदाज घेत असावी.

"मग एवढ्यांचा चहा कोणी केला?"

हसावं की रागवावं, सुजाताला कळेना. तिनं प्रश्न जसाच्या तसा बाबांना सांगितला.

यादवराव गोंधळले. दरवर्षी ते व्यासपीठावरून त्या दिवसाबद्दल बोलत. गर्दी, पांढरे कपडे, प्रतिज्ञा, सगळं तोंडपाठ. हे कुणी विचारलंच नव्हतं.

"चहा नव्हता," ते म्हणाले. "आईनं भाकरी बांधून घेतली होती. पाणी मात्र दिलं कोणीतरी. गर्दीतून हात पुढं आला, मी प्यालो. हात कोणाचा, ते पाहिलंच नाही मी."

"काय म्हणतात?" नोएलीननं विचारलं.

"चहा नव्हता म्हणतात."

"अरेरे." नोएलीनला खरोखरच वाईट वाटलं. खुर्च्या उचलणाऱ्या एका माणसाला तिनं हाक मारली, "ग्रॅहम, तुझी पहार आण. हा दगड यांचा." ती आत गेली आणि कप घेऊन आली. यादवरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. चहाकडे बघायच्या आधी त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, सुरकुतलेला, साबणाच्या पाण्यानं लाल झालेला.

ग्रॅहम पहार घेऊन आला. पायरीवरचे बूट त्याला दिसले. "स्वीट ॲज," इथल्या बोलीत 'चालेल की', असं तो स्वतःशीच म्हणाला, चिखलाचे गमबूट काढून त्यानं त्या बुटांशेजारी ठेवले आणि लोकरी मोज्यांनिशी दगडासमोर गुडघे टेकले.

याची गरज नाही, असं त्याला सांगायचं सुजाताच्या ओठांवर आलं. पण गरज कशाची असते आणि कशाची नसते, ते तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. दगडापुढच्या तिघांत आता तिच्या एकटीच्याच पायांत बूट होते. ती नाडी सोडायला वाकली.