शिळं पाणी

"सर, मीटर उलटा फिरतोय," निकिता म्हणाली, आणि शेखरच्या हातातला चहा टेबलावर सांडला.

सकाळी सहा वाजता इंदिरानगरला पाणी सुटलं होतं. सुटता सुटताच लाइनीचा दाब घसरला, आणि एका रोपांच्या नर्सरीच्या मीटरनं पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूमला कळवलं, की पाणी आत येत नाहीये, उलट लाइनीत जातंय. शेखरनं नर्सरीत फोन लावला. मालकाची बोबडी वळली होती.

"नळाची नळी ड्रममध्येच राहिली, साहेब. गुलाबावर फवारायचं औषध कालवलं होतं."

शेखरनं ताबडतोब वॉल्व्ह बंद करायला लावला. सव्वासहाला घरोघरच्या मोबाइलवर मेसेज गेला: नळाचं पाणी पिऊ नका. पण वॉल्व्ह बंद होईपर्यंतची बारा मिनिटं नळ वाहत होते. आणि त्याच लाइनीवर त्याचं घर होतं. तो रात्रपाळीला, घरात आई कुसाबाई एकटी.

कुसाबाईचा नेम कधी चुकला नव्हता. सहाच्या ठोक्याला कालचं पाणी ओतून टाकायचं, हंडा घासायचा, ताजं भरायचं. आधी देवाला तांब्या, मग स्वतःला घोट. शेखर स्क्रीनवर आकडा बघून तिला चिडवायचा, "आई, रोज चाळीस लिटर! कालचं पाणी काय आंबतं का गं?"

"देवाला शिळं पाणी चालत नाय, बाबा," ती म्हणायची.

आता त्यानं स्क्रीनवर आईचा मीटर उघडला. परवा चाळीस. काल चाळीस. आज शून्य.

"शून्य!" निकिता ओरडलीच. शेखरचा जीव भांड्यात पडला. देवाचं नाव घेत त्यानं आईला फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग त्यानं शेजारच्या दीपमालावहिनींना उठवलं. त्या फोन हातात घेऊनच त्याच्या दाराशी गेल्या.

"बेल वाजवतेय, भाऊजी. कडीपण वाजवली. आतून काहीच आवाज नाही."

"सर, घाबरू नका," निकिता म्हणाली. "काकूंनी मेसेज वाचला असेल, नळ उघडलाच नसेल, परत झोपल्या असतील. म्हणून तर शून्य."

शेखरची नजर त्या शून्यावरून हलत नव्हती.

"आईला वाचता येत नाही," तो म्हणाला.