सातवं कोकरू

सातवं कोकरू मागचे पाय ताठ करून पडलं, तेव्हा मी सुनेवर ओरडले, "मालन, मेंढवाड्यात पाऊल टाकू नकोस!" ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून आमची कोकरं अशीच जात होती. चार माणसांत तिला पांढऱ्या पायाची म्हणणारी मीच.

एरवी गप्प राहणारी मालन त्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांसमोर बोलली. "आत्या, मी आले त्याच वर्षी मामंजींचं गुडघं धरलं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचं आपण सोडलं. तवापास्नं मेंढरं बारा महिने ह्याच डोंगराचं खात्यात. चाऱ्यातच काय कमी असंल."

डॉक्टर चमकले. "काही ठिकाणच्या मातीत सेलेनियम नावाचं खनिज कमी असतं. मातीत नाही ते चाऱ्यात नाही, मग दुधातही नाही." त्यांनी पडलेल्या कोकराचं रक्त तपासायला घेतलं आणि त्याला सेलेनियमचं इंजेक्शन दिलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर अहवाल घेऊन आले, तर कोकरू उभं! आईला ढुशा देत दूध पीत होतं. अहवालातही सेलेनियमच कमी निघालं होतं. मी मालनला हाताला धरून मेंढवाड्यात नेलं आणि त्याच चार माणसांना हाका मारल्या, "या, बघा! माझ्या सुनेनं उभं केलंय!"

मालन मात्र डॉक्टरांकडं वळली. "सायेब, आमची भाकरीबी ह्याच मातीची हाय. आता आमचं रक्त तपासा."

सगळ्यांच्या आधी मी हात पुढं केला.