चूक ज्याची

"चूक ज्याची, त्याची नोकरी जाणार," ऑफिसची साहेबीण झुल्मा एवढंच म्हणाली आणि तिनं माते-चहाची नळी पुन्हा तोंडात धरली.

सकाळी यामिलानं एक बटण दाबलं होतं. माँटेव्हिडिओतल्या अकरा दवाखान्यांमधल्या सगळ्या रुग्णांच्या वेळा सपाट! तिला पुसायच्या होत्या चाचणीच्या खोट्या नोंदी. पण 'चाचणी' आणि 'खरं' ही दोन्ही बटणं पडद्यावर अगदी खेटून, एकाच करड्या रंगाची. दुपारी राखीव प्रतीवरून सगळं परत आलं, पण पोरीचा जीव काही थाऱ्यावर येईना. नोकरीला जेमतेम दोन महिने झाले होते.

त्यात ऑफिसचा रिवाज. जो सिस्टीम पाडेल, त्यानं सगळ्यांना बिस्कोचो, म्हणजे बेकरीतले छोटे पाव, खाऊ घालायचे. ती डोळे पुसत खालच्या बेकरीत गेली.

"वरची ना?" म्हाताऱ्या बेकरीवाल्या एदेल्मारनं चेहऱ्यावरूनच ओळखलं. "रडतेस काय वेडे! यंदाची सहावी तू. दोन डझन घे. आणि खारेच घे हं, झुल्माला शुगर आहे."

"खारे कुठले?"

"डावीकडचे. लोक बघत नाहीत नीट, आणि मग माझ्या नावानं खडे फोडतात."

दोघांच्या मध्ये काउंटरवर दोन ट्रे होते. तिनं चिमट्यानं डावीकडचे भरले.

वर झुल्मानं एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गोड आहे हे!"

संपलंच, यामिलाला वाटलं. एका दिवसात दुसरी चूक. "त्यांनी डावीकडचे सांगितले होते हो..."

"त्याच्या डावीकडचे! दोन्ही ट्रे सारखेच, खेटून ठेवलेले, पाटीचा पत्ता नाही. हो ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"नऊ वर्षांपूर्वी तुझ्या खुर्चीत तोच बसायचा. ती बटणं त्यानंच लावली. चूक ज्याची, त्याची नोकरी मी तेव्हाच घालवली." झुल्मा हसायला लागली. "आणि आम्ही शहाणे! बटणांना शिव्या देत बिस्कोचो खात राहिलो, बदलली कुणीच नाहीत. बस कामाला. आधी ती दोन्ही बटणं लांब कर, आणि 'खरं' लाल कर."

यामिलाला हायसं वाटलं, आणि लगेच त्या म्हाताऱ्याची कणव आली. "एवढ्यासाठी काढलंत? किती प्रेमळ आहेत ते!"

झुल्मानं उरलेला गोड तुकडा हळूच तोंडात टाकला.

"नोकरीवरून काढलाय गं. नवरा म्हणून ठेवलाय अजून."