चौथी पोळी

सुवर्णानं चौथी पुरणपोळी वाढली आणि लोसानं ती घेतली.

"बघ, आवडली तिला," मोरेश्वर म्हणाला. अमेरिकेत, ईडन प्रेरीत बारा वर्षं काढूनही त्याचा एक नियम बदलला नव्हता. पाहुण्याला पोटाला तडस लागेपर्यंत जेवू घालायचं. वाढायचं काम अर्थातच सुवर्णाकडे असायचं.

लोसा पॅसिफिकमधल्या एका बेटांच्या देशातून आली होती. देश केवढा, तर ईडन प्रेरीची वस्ती त्याहून जास्त. तिथल्या नियोजन खात्यात ती मोठ्या हुद्द्यावर होती. तिच्या देशात शेती सुधारून गरिबी हटवायचा आराखडा मोरेश्वरच्या कंपनीनं केला होता. कंपनीनं म्हणजे मोरेश्वरनंच. तो त्या देशात कधी गेला नव्हता, पण सॅटेलाइटनं त्याला सगळं दाखवलं होतं. सोमवारी लोसा आराखड्यावर सही करणार होती. आज शनिवार, म्हणून दुपारी घरी जेवण.

"दोन आठवड्यांत आठ मीटिंग्ज झाल्या यार," मोरेश्वर बायकोला सांगत होता. पाहुणीसमोर मराठीत बोलू नये हे त्याला कळत होतं, पण आनंद पोटात मावत नव्हता. "बावीस कलमं. एकावरही ऑब्जेक्शन नाही. प्रत्येक पॉइंटला यस. असा क्लायंट मिळायला भाग्य लागतं."

सुवर्णाचं लक्ष लोसाच्या हाताकडे होतं. पोळीचा तुकडा मोडायचा, तुपात बुडवायचा आणि मग नुसताच धरून बसायचं. बाहेर बर्फ पडत होता आणि बाईच्या कपाळावर घाम आला होता.

"लोसा, आणखी एक घेणार?" सुवर्णानं इंग्रजीत मुद्दाम विचारलं.

"हो. थँक यू."

सुवर्णानं पोळ्यांचा डबा बंद केला. "अरे, हिला नको म्हणताच येत नाहीये."

"म्हणजे?"

"पाचव्या पोळीला हो म्हणतेय. पाच पुरणपोळ्या खातं का कुणी? तुझे मामा सोडून. आणि तू मला सांगतोयस, बावीस कलमांना यस!"

मोरेश्वरचा घास हातातच राहिला.

सुवर्णा लोसाच्या शेजारी जाऊन बसली आणि इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे एक रीत आहे. वाढणारा ऐकत नसला की पानावर हात आडवा धरायचा. बोलावं काहीच लागत नाही, आणि कुणाला रागही येत नाही."

लोसानं ताटावर दोन्ही हात धरले. इतक्या घाईनं, की तिघांनाही हसू फुटलं.

"आमच्याकडे ही सोय नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "यजमानाला नाही म्हणणं फार वाईट दिसतं."

"आणि मीटिंगमध्ये?" मोरेश्वरनं विचारलं.

"मीटिंग तुमच्या ऑफिसात होती. तिथेही मी पाहुणीच."

मोरेश्वर उठून आराखडा घेऊन आला. ताट बाजूला सारून त्यानं तो लोसापुढे ठेवला आणि काही न बोलता एकेक पान उलटू लागला. आठ मीटिंगांत तो एवढा वेळ गप्प बसला नव्हता. पहिली तीन पानं गेली. चौथ्यावर लोसाचा हात आडवा आला.

ते त्याचं सगळ्यात लाडकं कलम होतं. दलदलीतल्या खड्ड्यांमध्ये भराव घालायचा, त्यावर पॉलिहाउसं उभारायची आणि हॉटेलांना सिमला मिरची पुरवायची. सांगलीच्या मामांनी पॉलिहाउसच्या कमाईवरच घराला दोन मजले चढवले होते. मोरेश्वरनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"ते नुसते खड्डे नाहीत," लोसा म्हणाली. "अळूची खाचरं आहेत. वादळ झालं की आमच्याकडे दीड-दोन महिने बोट येत नाही. हॉटेलं बंद पडतात. तेव्हा सगळं बेट त्या खाचरातले कंद खातं. जमिनीखाली असतात ना, वाऱ्याच्या हाती लागत नाहीत. घरात काही नसलं तरी माणसाचं खाचर असतं. तुमच्या नकाशात ते पडीक आहे."

"आणि सोमवारी तुम्ही सही करणार होता?"

"हो." ती खाली बघत राहिली. "माझ्या आईचं खाचरही त्यातच आहे."

"भीड भिकेची बहीण," सुवर्णा मराठीत पुटपुटली. "आणि निघालात गरिबी हटवायला."

मोरेश्वरला लाज वाटली. लाजेच्या पाठोपाठ हायसंही वाटलं. सही अजून व्हायची होती, खाचरं अजून जागेवर होती. त्यानं कलमावर आडवी रेघ मारली. मामांना हे सांगायची गरज नव्हती.

"सोमवारची सही कॅन्सल," तो म्हणाला. "चूक माझी झाली, असं मी ऑफिसात सांगतो. खाचरं आहेत तशी राहतील. ज्या घरांकडे खाचर नाही, त्यांना ते खणायला मदत द्यायची. चालेल?"

"हो," लोसा लगेच म्हणाली.

मोरेश्वरनं पेन कागदावर टेकवलं नाही. तो तिच्याकडे बघत थांबला. सुवर्णा आमटीचं पातेलं उचलायला निघाली होती, तीही थांबली.

"पण..." लोसा म्हणाली.

मोरेश्वरनं खुर्ची पुढे ओढली आणि कोरा कागद घेतला.